धरलेली जागा

१

जागा धरण्यात प्रेमलाचा हात धरणारं मांजरीत कुणी नव्हतं.

स्टॉपवर बस अजून पुरती थांबलेली नसायची, तोवर हिचा रुमाल खिडकीतून आत जाऊन सीटवर पडलेला असायचा. पांढरा, कडेला निळी शिवण घातलेला रुमाल. लग्नाचा हॉल असो, कीर्तन असो, दवाखान्याचं बाकडं असो, कुठंही गेली तरी टेकायच्या आधी ही शेजारच्या जागेवर काहीतरी ठेवायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आहेत हं इथं." समोरचा माणूस मुकाट्यानं पुढं जायचा. एकदा रुमाल पडला की जागा झाली. त्यावर आपल्याकडे वाद घालत नाहीत.

ती जागा असायची सर्जेरावांची, तिच्या नवऱ्याची. सर्जेराव बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढायचे. स्टॉपवरच्या माणसांशी त्यांचं बोलणं संपायचं नाही. कंडक्टरनं घंटी मारली की मग पायरीवर पाय. आत येऊन रुमाल उचलायचे, तिच्या मांडीवर टाकायचे आणि शेजारी बसायचे. मग हडपसर येईपर्यंत दोघं समोर बघत बसायची. बोलणं असं काही नाही. पण खांदा खांद्याला लागलेला असायचा.

सर्जेराव गेले. त्याआधीच उसाचं रान बिल्डरला गेलं होतं आणि त्याच रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत प्रेमलाला फ्लॅट मिळाला होता. मुलगी ऋतुजा नाशिकला सासरी. फ्लॅटमध्ये ही एकटी. माणूस गेलं, सवय गेली नाही. सोसायटीच्या बागेत बाकावर बसली की हात आपोआप पिशवी शेजारी ठेवायचा. मग भानावर येऊन ती पिशवी मांडीवर घ्यायची.

अशीच एकदा भानावर यायच्या आत समोर एक बाई येऊन उभी राहिली. काठाची सुती साडी, पायांत चालायचे बूट.

"ही पिशवी बसलीय, का मी बसू?" तिनं विचारलं.

या नंदाताई. जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी पोस्टातली. पेठेतली इमारत पाडायला काढली म्हणून त्या मांजरीत राहायला आल्या होत्या आणि मांजरीला रोज नावं ठेवत होत्या. प्रेमलानं पिशवी उचलली. नंदाताई बसल्या त्या रोजच बसायला लागल्या. संध्याकाळी बाकावर शेजारी कुणीतरी आहे, एवढ्यावर प्रेमलाचं घर पुन्हा घरासारखं झालं. दिवसभर ती त्या एका तासाकडे डोळे लावून असायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नंदाताईंना तर नाहीच.

२

सिंगापूर-मलेशियाची टूर नंदाताईंनीच काढली. पुण्यातलीच कंपनी, बरोबर सगळी मराठी माणसं, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात. "म्हणजे परदेशात जाऊन घरीच असल्यासारखं. फक्त महाग," असं नंदाताईंचं म्हणणं. पण पैसे त्यांनीच आधी भरले.

शेवटचा मुक्काम पेनांगला होता. त्या दिवशी राखीपौर्णिमा. सकाळी हॉटेलातून प्रेमलानं भावाला फोन केला, आणि संध्याकाळी रोहन, म्हणजे टूरबरोबरचा मुलगा, सगळ्यांना तिथला रात्रीचा खाण्याचा बाजार दाखवायला घेऊन गेला.

"तासाभरात इथंच भेटायचं हं, याच झाडाखाली," तो ओरडला. "यांच्या पितरांचा महिना चालू आहे, हे गाणंबजावणंही त्यांच्यासाठीच. काय खाताय ते विचारून खा. नंतर मला सांगू नका!"

बाजार कसला, जत्राच होती. मोठं मैदान, त्यात ओळीनं गाड्या. कढया एवढ्या मोठ्या की आत माणूस बसेल. जाळ वर उसळायचा आणि त्यात लांब नूडल्स उडवल्या जायच्या. काड्यांना टोचलेलं काहीबाही निखाऱ्यावर चरचरत होतं. फणसासारखं एक फळ फोडून ठेवलं होतं, त्याच्या वासानं नंदाताईंनी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. आणि या सगळ्या धुरात प्रेमलाला अचानक ओळखीचा वास आला. तिनं वळून बघितलं. एक म्हातारा चरकात ऊस घालत होता.

"ताई, ऊस!" ती लहान मुलीसारखी म्हणाली.

"शाकाहारी आहे, नक्की," नंदाताई म्हणाल्या. "मी रस आणते. तू जागा बघ कुठेतरी. माझे पाय गेले."

जागा बघणं हे तर प्रेमलाचंच काम. मैदानाच्या टोकाला स्टेज उभारलं होतं. त्यावर चमकत्या कपड्यांतली एक मुलगी माइक धरून गात होती. समोर लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि त्या माणसांनी गच्च भरलेल्या. मागं लोक उभे, खांद्यांवर मुलं. पण पहिली रांग पूर्ण रिकामी होती.

प्रेमलाला खरं तर इथंच नवल वाटायला हवं होतं. एवढी माणसं ताटकळत उभी आणि पहिली रांग मोकळी. पण तिला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवली असेल, पाहुणे काही आलेले दिसत नाहीत, आणि आपल्याला बसायचंय तरी किती वेळ? ती रांगेतून आत गेली. एका खुर्चीवर बसली, आणि शेजारच्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकला.

मागच्या रांगांमधलं बोलणं थांबलं. गाणं चालू होतं, कढया वाजत होत्या, पण तिच्या पाठीमागं एक गप्प पट्टा तयार झाला. तिनं मागं बघितलं तर कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या मांडीकडे बघत होते.

उसाचा रस काढणारा म्हातारा लगबगीनं आला. भाषा कळण्यासारखी नव्हती. हातानं तो 'उठा, उठा' असं करत होता.

"माय फ्रेंड," प्रेमला शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून हसून म्हणाली. "कमिंग. माय फ्रेंड."

म्हाताऱ्यानं रुमालाकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडले. प्रेमला परत नमस्कार करायला गेली आणि तिचे हात अर्ध्यावर राहिले, कारण म्हातारा हात जोडून वाकला होता तो तिच्यापुढं नाही, त्या खुर्चीपुढं. तसाच मागं मागं सरकत तो गेला.

स्टेजवरची मुलगी गाता गाता खाली बघायची. प्रेमलाकडे नाही, तिच्या शेजारी. दर कडव्याला, त्याच उंचीवर.

थोड्या वेळानं दोन फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन नंदाताई आल्या. पिशव्यांत रस, त्यात नळ्या. "पेले नाहीत म्हणे यांच्याकडे. सलाइन लावल्यासारखं प्यायचं," त्या रांगेच्या टोकाशी येईपर्यंत म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. एक पिशवी हात लांबवून प्रेमलाला दिली.

"बसा ना ताई."

"कुठे, तुझ्या मांडीवर?"

"ही काय जागा धरलीय तुमच्यासाठी."

नंदाताईंनी भुवई वर केली. "धरली होतीस म्हण," असं म्हणून त्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

प्रेमलानं शेजारी बघितलं. खुर्ची रिकामी होती. रुमाल तसाच होता. फक्त मध्ये थोडा दबलेला.

मग रोहनच्या शिट्ट्या सुरू झाल्या, पळापळ झाली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, रुमाल तिथंच राहिला.

३

बसमध्ये नंदाताई पुढं जोशीकाकूंच्या शेजारी बसल्या. प्रेमलाला वाटलं, पाय दुखताहेत, पुढची सीट सोयीची. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला चार खुर्च्यांच्या टेबलाशी तिघीच होत्या, तरी नंदाताई ताटली घेऊन दुसरीकडे गेल्या.

विमानात मात्र जागा छापलेल्या होत्या. खिडकीशी प्रेमला, मधली नंदाताईंची. नंदाताई आल्या, वरच्या कप्प्यात पिशवी कोंबली, खाली बघितलं, आणि हवाईसुंदरीला बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तिनं त्यांना मागं कुठंतरी बसवलं. मुंबईपर्यंत मधली सीट रिकामी राहिली. खाण्याचे ट्रे आले तेव्हा मात्र त्या मुलीनं मधलंही टेबल उघडलं, त्यावर ट्रे ठेवला आणि हसून पुढं गेली. उतरताना तो ट्रे तसाच होता, पण भातावरची कागदाची झाकणी काढलेली होती. ती आपणच काढली असेल, असं प्रेमलानं स्वतःला सांगितलं. झोपेत माणूस काहीही करतं.

सामानाच्या पट्ट्याशी तिनं विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

"छे. तुझं कशाला चुकेल?" नंदाताई पट्ट्यावरच्या बॅगांकडे बघत म्हणाल्या. "तुला सोबत मिळाली ना चांगली. मग झालं."

कुणाची सोबत, ते विचारायच्या आत त्यांची बॅग आली.

४

संध्याकाळी सहाला हडपसरच्या गाडीतळावर बसमध्ये रिकामी सीट ही गोष्ट कुणी सांगितली तर खोटी वाटेल. दारात माणसं लोंबकळत असतात. अशा बसमध्ये प्रेमला खिडकीशी बसायची आणि तिच्या शेजारची जागा मोकळी असायची. बायका दांड्याला धरून हेलकावे खात उभ्या, कडेवर पोरं, पण कुणी टेकत नसे. पहिल्यांदा तिनं स्वतः म्हणून पाहिलं, "बसा की."

"नको, नको, राहू द्या," शेजारी उभी असलेली बाई सरळ म्हणाली. "त्यांना कशाला उठवता?"

"कुणाला?"

बाईनं तिच्याकडे असं बघितलं की प्रेमलानं मान खिडकीकडे वळवली.

चहाला गेलं तर वेटर पाण्याचे दोन ग्लास ठेवायचा. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागला तेव्हा कारकून म्हणाली, "फक्त पेशंटनंच आत जा हं, बरोबरच्यांनी बाहेर थांबा." प्रेमला एकटीच होती. सुरुवातीला तिला वाटायचं, लोकांची काहीतरी गफलत होतेय. माणसं थकलेली असतात, नीट बघत नाहीत. पण एवढ्या सगळ्यांची एकच गफलत कशी होईल, हा प्रश्न काही तिला सोडवता येईना.

गौरीजेवणाला थोरल्या जाऊबाईंकडे, मथुराबाईंकडे, पंगत होती. भाऊबंदांतल्या सगळ्या बायका ओळीनं बसल्या. प्रेमलाच्या डावीकडचं पान कुणी घेतलं नाही. ओळ तिच्याशी येऊन तुटली आणि एक पान सोडून पुन्हा सुरू झाली. वाढणाऱ्या सुनांनी मात्र त्या पानावर सगळं वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. वर तूपसुद्धा.

हात धुताना मथुराबाईंनी तिला कोपराशी धरलं. "आगं पिरमले, तुझ्याबरूबर आल्याली ती कोन हाय?"

प्रेमलानं तांब्या खाली ठेवला. "कशी होती अक्का? दिसायला?"

"आता मी काय तिचं तोंड बघत बसू? वाढायचं व्हतं मला." मथुराबाई जरा आठवून म्हणाल्या, "वाकून बसल्याली. पानात न्हाई बघत का कुणाकडं न्हाई. तुझ्याकडंच तोंड. जेवली न्हाई वाटतं. बघ बया, सणाचं उपाशी जाऊ नये कुणी दारातनं."

"बाईमाणूस होती ना? नक्की?"

"म्हंजे?" मथुराबाईंनी वळून उष्ट्या पानांकडे बघितलं. "बाईच असंल की," त्या म्हणाल्या. "बायकांच्या पंगतीत काय गडी बसतोय व्हय?"

५

माणूस एकटं असलं की भीतीतूनही काहीतरी उबेचं शोधून काढतं. प्रेमलानं ते काढलं. तिला वाटू लागलं, सर्जेराव असतील.

का नसावेत? आयुष्यभर तिनं त्यांच्यासाठीच जागा धरली. हात तोच, रुमाल तोच. सवयीनं आले असतील. नेहमीसारखे सगळ्यांत शेवटी.

हा विचार आल्यापासून तिला घर जड वाटेनासं झालं. बाल्कनीत नायलॉनच्या पट्ट्यांच्या दोन खुर्च्या होत्या. समोर इमारतींच्या मधून उसाचा उरलेला एक तुकडा दिसायचा. दिवेलागणीला ती एका खुर्चीत बसायची आणि दुसरीशी बोलायची. ऋतुजाचा फोन आला होता. टाकीचं पाणी पुन्हा गढूळ येतंय. तो तुकडाही आता विकायला काढलाय म्हणे. बोलता बोलता ती डोळ्यांच्या कडेनं बघायची. शेजारच्या खुर्चीच्या पट्ट्या मध्ये ताणलेल्या असायच्या. सरळ बघितलं की तशा नसायच्या. किंवा असायच्या आणि जुन्या खुर्चीच्या पट्ट्या अशाच असतात.

"तुम्हीच ना?" एकदा तिनं विचारलं.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. उसावरून वारा आला. त्या वाऱ्यात ऊस नव्हता. उदबत्तीचा, फार गोड, अनोळखी वास होता.

तिनं पुढचे काही दिवस तो वास उदबत्तीवाल्या शेजाऱ्यांच्या नावावर टाकला. मग एका संध्याकाळी ती चहा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. दोन्ही खुर्च्या ती रोज कठड्याकडे तोंड करून मांडायची. सर्जेरावांबरोबर बसायचं म्हणजे दोघांनी समोर बघायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. उभ्या आयुष्यात तो माणूस शेजारी बसून तिच्याकडे वळला नाही. रान बघायचा, रस्ता बघायचा, बसची पुढची काच बघायचा.

दुसरी खुर्ची वळलेली होती. थोडीच, पण उसाकडे नाही. तिच्या खुर्चीकडे.

बाई खुर्ची लोटून झाडत असेल, ती मनाशी म्हणाली. पण तिच्याकडे कामाला बाई नव्हती. तिनं खुर्ची सरळ केली, बसली. चहा संपेपर्यंत मान वळवली नाही. उजव्या गालावर तिला कुणाची तरी नजर जाणवत होती, जवळून, न हलता. गाणं ऐकायला बसलेलं माणूस गाणाऱ्याकडे बघतं, तशी.

कप आत नेताना तिच्या तोंडून शब्द निघून गेला, "नाहीत. ते नाहीत." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला सर्जेराव गेल्याचं रडू आलं, कारण त्यांची जागा आता रिकामीसुद्धा उरली नव्हती.

६

नंदाताईंना तिनं जिन्यात गाठलं.

"ताई, बाकावर या ना आज. मला बोलायचंय."

"आता कशाला?" नंदाताईंचा आवाज कोरडा होता, पण डोळे नव्हते. "मी रोज येते बागेत. रोज बघते, तुझ्या शेजारी बसलेलं असतं कुणीतरी. मी काय उभी राहून गप्पा मारू? मैत्रीण मिळाली तर मिळाली, सांगायचं तरी. ओळख करून दिली असती तर मी काही खाल्लं नसतं तिला."

प्रेमलानं सगळं सांगितलं. तिथंच, जिन्यात, कठड्याला धरून. खुर्च्यांची रांग, म्हातारा, विमान, पंगत, बाल्कनी. नंदाताईंनी मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, यावरूनच त्या घाबरल्या आहेत हे कळत होतं.

"कशी दिसते ती, ताई? तुम्ही तर रोज बघता."

नंदाताई बोलायला गेल्या. कपाळाला आठी पडली. "असं काय करतेस, अगं, ती... साडी..." त्यांनी हातानं हवेत काहीतरी दाखवलं आणि हात खाली घेतला. "मी नीट बघितलंच नाही कधी. माणूस असं टक लावून थोडंच बघतं?"

मग त्या एकदम ताठ झाल्या. "मूर्खपणा आहे हा सगळा. चल. मी बसते तुझ्या शेजारी. बघू कोण उठवतंय."

दोघी बागेत गेल्या. उन्हं उतरली होती, मुलं घसरगुंडीवर ओरडत होती. प्रेमला बाकाच्या एका टोकाला बसली. दुसरं टोक मोकळं होतं. नंदाताईंनीही ते बघितलं. "मोकळं आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. पाठ फिरवली, साडी सावरली, बसायला वाकल्या.

"अय्या, सॉरी हं," त्या म्हणाल्या आणि झटकन उभ्या राहिल्या.

अगदी सहज म्हणाल्या. चुकून कुणाच्या मांडीवर बसायला गेलेलं माणूस म्हणतं, तसं. मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. उजव्या हातानं त्यांनी साडीचा मागचा भाग झटकला, पुन्हा झटकला, जणू तिथं काही लागलंय.

"गार आहे," त्या पुटपुटल्या. "प्रेमला, गार आहे गं."

मागं न बघता त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बागेत आल्या नाहीत. त्यानंतर प्रेमलानं त्यांचं दार वाजवलं, तर कुलूप नसतानाही आतून कुणी ओ दिली नाही. एकदा मात्र त्यांचा फोन आला. "तू ती जागा सोड," एवढंच म्हणाल्या. "जागा सोड, मी येते. मला तुझ्याशिवाय कोण आहे इथे?"

७

नवरात्र तोंडावर आलं होतं. घटासाठी तांब्याचा कलश घ्यायला प्रेमला कसब्यात गेली होती. येताना तिला बसमध्ये खिडकी मिळाली. शेजारची जागा नेहमीसारखी मोकळी. हडपसरला बस इतकी भरली की दार लागेना.

तिच्या सीटशी एक मुलगी उभी होती. गळ्यात कंपनीचं कार्ड, त्यावर शेफाली असं नाव, ओठ सुकलेले, कपाळावर घाम. डोळे मिटून तिनं दांड्यावर डोकं टेकलं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेकडे तिनं पाहिलंही नाही.

नंदाताईंचे शब्द प्रेमलाच्या डोक्यात होते. जागा सोड. आजवर ती शेजारच्या जागेचाच विचार करत आली होती. स्वतःची जागा सोडायचं तिला सुचलंच नव्हतं.

ती उठली. "बस बाळ, माझ्या जागेवर. आत जा खिडकीशी. ताप आहे ना तुला?"

"थँक यू काकू," मुलगी म्हणाली, आणि गुडघे आखडून, "एक्स्क्यूज मी" असं म्हणत आत सरकली.

प्रेमला गर्दीत घुसली आणि पुढच्या दाराकडे सरकत गेली. तिथं माणसं अंगाला अंग लावून उभी होती. कुणाची पिशवी तिच्या पोटात रुतली. कुणीतरी पायावर पाय दिला. एक बाई सरळ तिच्या खांद्यावर रेलली आणि म्हणाली, "काकू, हलू नका हं, तुमच्याच आधारानं उभीय मी." प्रेमलाचे डोळे भरून आले. तिच्या डाव्या बाजूला माणूस होतं. खरं, घामाचा वास येणारं, पायावर पाय देणारं. उजव्या गालावर कुणाची नजर नव्हती. उद्या संध्याकाळी नंदाताई बाकावर येतील. पिशवी उचलायलाही सांगतील.

तिचा स्टॉप आता दोनच स्टॉप पुढं होता. उतरायच्या आधी तिनं एकदा मागं बघितलं.

माणसांच्या कोपरांमधून ती सीट दिसत होती. मुलगी खिडकीशी होती. शेजारची जागा मोकळी. मुलीनं ओढणी गोळा करून छातीशी धरली होती आणि खांदा काचेला चिकटवला होता. ती कसनुसं हसली. अनोळखी माणूस फार वेळ आपल्याकडे बघायला लागलं की आपण हसतो, तसं. मग तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. जरा वेळानं हळूच वळून बघितलं, आणि पुन्हा घाईनं काचेकडे फिरवलं.

तिला ताप होता. वय ऋतुजाच्या निम्मं असेल. घरी जाऊन ती कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत एका कॉटवर झोपणार होती.

'मी जागा नंदाताईंसाठी धरली होती, जे बसलंय त्याच्यासाठी नाही,' प्रेमला मनात म्हणाली. आता एकच स्टॉप उरला. दाराशी लोक उतरायला सरकले, त्यांनी तिलाही पुढं ढकललं. पायरी समोर होती. तिनं दांडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि मग गर्दी कापत मागं निघाली.

"अहो काकू, दार पुढं आहे!"

"ऊठ बाळ," ती सीटशी येऊन म्हणाली. "ती माझी जागा आहे."

"दिली तर दिली," मागून एक गृहस्थ म्हणाले. "आता परत मागता? रिझर्व्हेशन होतं का?"

"आजारी पोरीला उठवतात," कुणीतरी पुस्ती जोडली.

शेफाली मात्र वाद न घालता उठली. इतक्या घाईनं उठली की तिची बाटली खाली पडली. बाहेर येताना तिनं प्रेमलाचा हात क्षणभर घट्ट धरला.

"पुढं जाऊन उभी राहा," प्रेमला हळूच म्हणाली. "माणसांत."

ती आत सरकली, बसली, कलश मांडीवर घेतला. गालावरची नजर परत आली.

बाहेर अंधारत होतं. काचेत बसमधले दिवे उमटले होते, उभ्या माणसांचे हात, आणि तिचा स्वतःचा चेहरा. त्या चेहऱ्यापलीकडे, फार जवळ, तिच्याकडे वळलेलं काहीतरी होतं. कडा नसलेलं. तिनं काचेत बघायचं सोडलं.

तिचा स्टॉप आला. दार उघडलं. प्रेमला उठली आणि रोज निघायची तशी बाहेर जायला वळली. आजवर तिथं तिला काहीच लागलं नव्हतं. आज लागलं. तिच्या गुडघ्यांना दोन गुडघे लागले. बर्फासारखे गार आणि न हलणारे.

"उतरायचंय मला," ती म्हणाली. "जरा वाट द्या."

उतरणारे उतरले. शेफालीही उतरली, खाली उभी राहून खिडकीकडे बघत राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. दार लागलं. बस निघाली, तिच्या इमारतीचे दिवे मागं गेले, आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला.

प्रेमला खाली बसली. मग पदर नीट केला आणि शेजारच्या प्रवाशाला विचारतात तसं, न वळता, विचारलं,

"तुम्हाला कुठं उतरायचंय?"